मालकाच्या आधी उठणारे प्रोग्राम

माण तालुक्यातल्या संगणकाचा इतिहास लिहायचा झाला, तर सुरुवात भारनियमनापासून करावी लागेल. 2005 च्या आगेमागेची वर्षं आठवून पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातले कित्येक तास वीज नसायची. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात संगणक सकाळी एकदा सुरू व्हायचा आणि संध्याकाळी बंद व्हायचा. दहिवडी, म्हसवड, गोंदवले किंवा पलीकडे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत तो दिवसातून चार-पाचदा सुरू करावा लागे. प्रत्येक वेळी जागा व्हायला तो जी पाच-सात मिनिटं घेई, ती एक तर बॅटरीतून जायची किंवा समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या दिवसातून. तो माणूस वस्तीवरून एसटीने आलेला असे आणि परतीची गाडी ठरलेली असे.

संगणक सुरू झाल्यावर आपण बोटही लावायच्या आधी काही प्रोग्राम आपोआप सुरू होतात. घड्याळाशेजारी छोट्या चित्रांची रांग उभी राहते ती त्यांचीच. या रांगेत कोणी उभं राहायचं आणि कोणी नाही, हा शहरात हौशी लोकांचा विषय असेल; आमच्याकडे तो रोजच्या कामाचा होता. त्याला चाळीस वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो बहुतेक इंग्रजीत लिहिला गेला आणि इंग्रजीत टाइप करणाऱ्याच्या खुर्चीत बसून लिहिला गेला. मराठी आणि उर्दू लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून तोच इतिहास बराच वेगळा दिसतो.

यादी मालक लिहायचा

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्यावर मायक्रोसॉफ्टची डॉस ही प्रणाली चालायची. काळा पडदा, त्यावर अक्षरं, माऊस नाही. या प्रणालीत ‘ऑटोएक्झेक.बॅट’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असे. संगणक सुरू झाला की तो ही फाइल वरून खाली वाचायचा आणि तिच्यात लिहिलेली कामं एकामागून एक करायचा. 1983 च्या डॉस 2.0 मध्ये तिच्या जोडीला ‘कॉन्फिग.सिस’ ही दुसरी फाइल आली. कोणती यंत्रं जोडलेली आहेत आणि त्यांचे चालक प्रोग्राम कोणते, हे तिच्यात लिहायचं.

या दोन्ही फाइली मालकाला उघडून वाचता येत. एखादी ओळ नको असेल तर ती खोडायची किंवा तिच्यापुढे ‘रेम’ हा शब्द लिहायचा. संगणक ती ओळ सोडून पुढे जाई. ज्याला वाचता येत होतं त्याला सुरुवातीच्या यादीत काय आहे हे पूर्ण ठाऊक असे.

अडचण जागेची होती. डॉसमध्ये प्रोग्रामांना वापरायला मिळणारी मुख्य मेमरी 640 किलोबाइट होती. 1984 मध्ये बोरलँड कंपनीचा ‘साइडकिक’ आला. एकदा सुरू केला की तो मेमरीतच दबा धरून बसायचा आणि ठरावीक कळा दाबल्या की कॅलक्युलेटर, टिपणवही घेऊन समोर यायचा. लोकांना ते फार आवडलं आणि तशा प्रोग्रामांची रीघ लागली. प्रत्येकाने थोडी थोडी जागा अडवली, आणि मुख्य कामाच्या प्रोग्रामलाच जागा उरेना. दुष्काळी भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. टँकर एकच असेल तर आधी कोणाचा हंडा लागतो, यावर सगळं अवलंबून असतं.

1993 च्या डॉस 6 मध्ये यावर एक चांगली सोय मिळाली. सुरू होताना एफ-5 दाबलं तर दोन्ही फाइली वगळल्या जात. एफ-8 दाबलं तर संगणक ओळीगणिक विचारायचा : ही चालवू का? हो की नाही? मालकाला इतक्या सरळपणे विचारणारी सोय पुढे फारशी दिसली नाही.

मराठी याच यादीत होती

या संगणकांना मराठी येत नव्हती. त्यांच्या अक्षरसंचात देवनागरीला जागाच नव्हती. म्हणजे मराठी हवी असेल तर संगणक सुरू झाल्यावर आधी कोणीतरी उठून ती आणायला हवी होती.

हे काम भारतीयांनी केलं. कानपूरच्या आयआयटीत ‘जिस्ट’ नावाचं तंत्र तयार झालं. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि जिस्टचं काम तिथे आलं. जिस्टचं एक कार्ड असायचं. ते संगणकाच्या आत बसवलं की मूळ इंग्रजीसाठी बनलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही देवनागरी दिसू लागे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत ठरला आणि 1991 मध्ये तो भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

पुढे विंडोज आलं, कार्ड गेलं आणि त्याची जागा सॉफ्टवेअरने घेतली. सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, आकृती ही नावं मराठी डीटीपीवाल्यांच्या दोन पिढ्यांना पाठ आहेत. यांची तऱ्हा साधारण एकच. कीबोर्डवर नजर ठेवणारा एक प्रोग्राम सतत चालू ठेवायचा. तुम्ही कळ दाबली की तो ती मधल्या मध्ये पकडायचा आणि तिच्या जागी देवनागरी अक्षराचा तुकडा पाठवायचा. तो प्रोग्राम सुरू नसेल तर कळ दाबल्यावर इंग्रजी अक्षरंच उमटत. काही संगणकांना मागे एक छोटं कुलूप, म्हणजे डाँगल, लावावं लागे; ते सापडलं नाही तरी मराठी बंद.

म्हणून त्या काळातल्या मराठी छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात सुरुवातीच्या यादीतली पहिली नोंद मराठीची असे. इंग्रजी टाइप करणाऱ्याला भाषेसाठी काहीच सुरू करावं लागत नव्हतं. आपल्याला भाषा रोज सकाळी, आणि माणमध्ये वीज आली की दर वेळी, नव्याने सुरू करावी लागे.

उर्दूची गोष्ट याहून अवघड होती. नस्तालीक लिपीत अक्षरं तिरपी उतरत जातात आणि शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतात. 1994 मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ आणलं आणि भारत-पाकिस्तानातल्या उर्दू छपाईचं चित्र बदललं. पण इनपेजमधली उर्दू इनपेजपुरतीच. बाहेरच्या प्रोग्रामला ती अक्षरं म्हणून कळत नसे. आपल्याकडच्या लग्नाच्या पत्रिका पाहा. वर बिस्मिल्लाह आणि उर्दू मजकूर, खाली मराठी. अशी एक पत्रिका करायला उर्दू इनपेजमध्ये लिहायची, ती चित्रासारखी उचलून कोरलड्रॉमध्ये आणायची आणि मराठी श्रीलिपीने तिथेच टाइप करायची. एकाच घरात सहज बोलल्या जाणाऱ्या दोन भाषा संगणकात एकमेकींना ओळखत नव्हत्या. मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान अशा घरांतल्या ज्या मुलांनी तालुक्याच्या गावी डीटीपीची दुकानं टाकली, त्यांनी ही कसरत वर्षानुवर्षं केली.

न विचारता आत आलेले

24 ऑगस्ट 1995 ला विंडोज 95 आलं. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचं एक फोल्डर होतं. त्यात ठेवलेला प्रोग्राम संगणकाबरोबर सुरू होई. हे फोल्डर मेनूत दिसायचं, म्हणजे ते मालकाच्या नजरेसमोर होतं. पण त्याबरोबर आणखी एक जागा आली, ती म्हणजे रजिस्ट्री. विंडोजच्या सगळ्या अंतर्गत नोंदी ठेवणारं हे एक मोठं दफ्तर. त्यातल्या ‘रन’ नावाच्या कप्प्यात ज्याची नोंद असेल तोही आपोआप सुरू व्हायचा. हा कप्पा सामान्य माणसाला दिसत नसे, आणि दिसला तरी त्याला हात लावायची भीती वाटे.

यादी मालकाच्या हातून सुटली ती इथे. आता यादी कंपन्या लिहू लागल्या. गाणी वाजवणारा प्रोग्राम टाकला की त्याचा नवी आवृत्ती तपासणारा मदतनीस यादीत यायचा. प्रिंटर जोडला की शाई मोजणारा यायचा. रिअलप्लेअर, क्विकटाइम, निरनिराळे मेसेंजर, सगळ्यांची चित्रं घड्याळाशेजारी जमू लागली. प्रत्येकाचं म्हणणं एकच : मी आधीच उठून बसलो तर तुम्ही बोलवाल तेव्हा लवकर येईन. एकेकट्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण वीस जण एकदम उठले की 128 एमबी मेमरीचा संगणक धापा टाकू लागे.

याच दारातून विषाणूही आले. खरं तर त्यांना हे दार आधीपासून ठाऊक होतं. पीसीवरचा पहिला विषाणू मानला जाणारा ‘ब्रेन’ 1986 मध्ये लाहोरमध्ये दोन भावांनी लिहिला. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती कोण करतं ते कळावं म्हणून तो केला असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही ठेवला होता. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात बसायचा. संगणक त्या फ्लॉपीवरून सुरू केला की डॉसच्याही आधी तो जागा झालेला असे. सर्वांत आधी जो उठतो, त्याला पुढच्या सगळ्यांवर ताबा मिळतो. हे तत्त्व तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही.

आपल्या भागात विषाणू आले ते बहुतेक पेनड्राइव्हवरून. पत्रिकेचा मजकूर, शाळेची प्रश्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल असं सगळं पेनड्राइव्हवरून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत असे, आणि त्याबरोबर ‘ऑटोरन’ नावाची एक लपलेली फाइल. पेनड्राइव्ह जोडून उघडला की ती चालायची आणि विषाणू ‘रन’ कप्प्यात स्वतःची नोंद करून मोकळा व्हायचा. 2008 च्या अखेरीस जगभर पसरलेल्या ‘कॉन्फिकर’नेही पेनड्राइव्हचा हा मार्ग वापरला. 2009 च्या विंडोज 7 मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हसाठी ही सोय बंद केली आणि 2011 मध्ये जुन्या विंडोजनाही तशी दुरुस्ती पाठवली.

या लढाईत सातारा जिल्ह्याचंही नाव आहे. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅलक्युलेटर आणि इतर यंत्रं दुरुस्त करायला सुरुवात केली. धाकटे बंधू संजय काटकर यांनी विषाणू काढणारे प्रोग्राम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकात क्विक हील उभं राहिलं. विषाणूरोधक प्रोग्रामलाही यादीत पहिल्या रांगेत जागा लागते, कारण चोराच्या आधी पहारेकरी उठायला हवा. म्हणजे यादी रिकामी असणं हेच काही चांगल्या संगणकाचं लक्षण नाही.

‘अनावश्यक’ कोणी ठरवलं?

1998 च्या विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ नावाचं साधन आलं. त्यात सुरुवातीच्या प्रोग्रामांची यादी दिसे आणि प्रत्येकासमोर खुणेची चौकट असे. खूण काढली की तो प्रोग्राम पुढच्या वेळी उठत नसे. त्याच सुमाराला इंटरनेटवर ‘हे अनावश्यक प्रोग्राम बंद करा आणि संगणक वेगवान करा’ अशा याद्यांचं पेव फुटलं. 2001 पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी सुरू झालं, तालुक्याच्या गावी क्लास निघाले, आणि या याद्या क्लासमधून, सायबर कॅफेतून, दुरुस्तीवाल्यांकडून गावोगाव पोचल्या.

त्या याद्यांत एक नाव हमखास असे : ‘सीटीएफमॉन’. विंडोज एक्सपीमध्ये तो आपोआप सुरू होई. याद्यांत त्याच्यापुढे लिहिलेलं असे की याचा काही उपयोग नाही, बंद करा. वरून ते खरंच वाटे, कारण तो पडद्यावर विशेष काही करताना दिसत नसे.

हा सीटीएफमॉन म्हणजे भाषापट्टी सांभाळणारा प्रोग्राम. टास्कबारवर इंग्रजी, मराठी, उर्दू अशी भाषा बदलायची जी पट्टी असे, ती त्याच्यामुळे. त्याच्याआधीच्या विंडोजमध्ये हे काम ‘इंटरनॅट’ नावाचा प्रोग्राम करायचा. ज्याने ती यादी लिहिली त्याला एकच भाषा टाइप करायची होती. त्याच्यासाठी हा प्रोग्राम खरोखर अनावश्यक होता. त्याने आपल्या गरजेपुरतं लिहिलं आणि जगाने ते सर्वांसाठीचं सत्य म्हणून घेतलं. दहिवडीत मी ज्या सायबर कॅफेत जात असे, तिथल्या संगणकांवरही ही सफाई झालेली होती. ‘मराठी कुठं गेली?’ असं गिऱ्हाईक विचारी, आणि ‘या मशीनला मराठी नाही,’ असं उत्तर मिळे. मराठी त्या मशीनमध्ये होती. तिला उठवणारा तेवढा झोपवला होता.

याच काळात भाषेला या यादीतून कायमचं सोडवणारी गोष्ट घडत होती, ती म्हणजे युनिकोड. 1991 च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. म्हणजे कानपूर आणि पुण्याचं काम वाया गेलं नाही. 2000 मध्ये आलेल्या विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोय आली. एक्सपीतही ती होती, पण आपण होऊन ती बसवावी लागे. सेटिंगमध्ये एक चौकट होती. तिचा अर्थ असा, की गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषांच्या फाइली बसवा. त्यावर खूण करायची आणि एक्सपीची सीडी घालायची. त्या एका खुणेने देवनागरीही यायची आणि अरबी-उर्दूची लिपीही. छपाईच्या दुकानात ज्या दोन भाषा एका पानावर आणायला दोन सॉफ्टवेअर लागत होती, त्या इथे एकाच दाराने आत आल्या. मायक्रोसॉफ्टच्या लेखी दोन्ही सारख्याच ‘गुंतागुंतीच्या’ होत्या. 2007 च्या व्हिस्टापासून ती खूणही करावी लागेना. नस्तालीकला मात्र थांबावं लागलं. उर्दूचा नस्तालीक फाँट विंडोजबरोबर मिळाला तो 2012 मध्ये, विंडोज 8 पासून.

यादी पुन्हा हातात

विंडोज 8 ने आणखी एक काम केलं. सुरुवातीची यादी टास्क मॅनेजरमध्ये सर्वांना दिसेल अशी मांडली. त्याआधी मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांचं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन जाणकार वापरत. विंडोजमध्ये आपोआप सुरू होण्याच्या किती वेगवेगळ्या जागा आहेत, हे त्याने दाखवून दिलं. 2006 मध्ये त्यांची कंपनी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. 2018 पासून विंडोज 10 च्या साध्या सेटिंगमध्येही ही यादी आली.

आज हे करायला कोणाला बोलवावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबायच्या आणि ‘स्टार्टअप’चा भाग उघडायचा. प्रत्येक प्रोग्रामसमोर त्याचा सुरुवातीवरचा परिणाम कमी, मध्यम की जास्त ते लिहिलेलं असतं. नको त्यावर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ करायचं. प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही; हवा तेव्हा पुन्हा चालू करता येतो. एका वेळी एक-दोनच बंद करावेत आणि दिवसभर काम करून पाहावं, म्हणजे काही अडलं तर कशामुळे ते कळतं.

मात्र तो ‘परिणाम’ हा आकडा नीट समजून घ्यावा. प्रोसेसर आणि डिस्कचा किती वापर झाला, एवढंच तो सांगतो. प्रोग्राम कामाचा आहे की नाही, हे त्याला माहीत नसतं. पहारेकऱ्यासमोर ‘जास्त’ लिहिलेलं असेल आणि फुकट बसलेल्यासमोर ‘कमी’.

आजच्या सेवा केंद्रात याचं उदाहरण रोज दिसतं. 2014 च्या नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांसाठी ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं. अंगठा ठेवून हयातीचा दाखला मिळू लागला. अंगठा घेणाऱ्या यंत्रामागे एक छोटी सेवा सतत चालू असावी लागते, आणि ती संगणकाबरोबरच सुरू होते. पडद्यावर ती काहीच करत नाही. संगणक ‘हलका’ करायला बसलेला कोणी ती बंद करतो, आणि दुसऱ्या दिवशी सत्तर वर्षांची आजी पुन्हा पुन्हा अंगठा ठेवत राहते. तिला वाटतं, आयुष्यभर शेणामातीत राबून आपला अंगठाच झिजला. शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन झाल्यापासून शेवटच्या तारखेला केंद्रासमोर रांग लागते. तिथेही संगणक दहा मिनिटं उशिरा जागा झाला तर दोन मुलांचे अर्ज मागे पडतात. दोन्ही चुका खऱ्या आहेत : नको ते चालू ठेवणं आणि हवं ते बंद करणं.

म्हणून कोणाची तयार यादी घेण्यापेक्षा प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी आणला? हा नसेल तर माझं किंवा समोर बसलेल्याचं कोणतं काम अडेल? आणि तो मी बोलावल्यावर आला तर चालणार नाही का? तिसऱ्या प्रश्नालाच निम्मी यादी गळून पडते. उरते ती त्या खुर्चीची यादी असते, आणि ती शेजारच्या दुकानातल्या यादीसारखी असेलच असं नाही.

आता संगणक वेगवान झाले. नव्या डिस्कमुळे ते काही सेकंदांत उठतात, म्हणून यादीकडे कोणी पाहत नाही. पण माणमधल्या बहुतेक घरांत संगणक म्हणजे फोन, आणि फोनमध्येही न विचारता उठणाऱ्यांची यादी आहे. अनेक फोनांच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाने ती सापडते. बॅटरी दुपारीच का संपते आणि डेटा कुठे जातो, याचं बरंचसं उत्तर तिथे असतं.

मराठी या यादीतून बाहेर पडली आहे. छापखान्यांत जुन्या फाइलींसाठी श्रीलिपी अजून उठते, पण हा लेख टाइप करताना मला भाषेसाठी वेगळं काही सुरू करावं लागलं नाही. मध्येच एखादा शब्द उर्दूत लिहावासा वाटला तर दोन कळा पुरतात. इथवर यायला कार्ड, डाँगल, सीडी आणि एक चौकट एवढा प्रवास लागला. ज्यांनी तो केला त्यांच्या हयातीतच तो विसरला जाऊ नये, आणि यादी कधीमधी उघडून पाहण्याची सवयही सुटू नये.